बीज, शेत आणि वाफसा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माणूस जन्माला कसा येतो, या प्रश्नाचे खरे उत्तर माणसाला फार उशिरा सापडले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारे कोपर्निकसचे पुस्तक १५४३ मध्ये छापून झाले होते. रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयात येते, हे विल्यम हार्वेने १६२८ मध्ये मांडले. पण शुक्राणूचे आणि स्त्रीबीजाचे केंद्रक एकमेकांत मिसळते आणि तिथून नव्या जिवाची सुरुवात होते, हे दिसायला १८७६ साल उजाडावे लागले. ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने ते पाहिले, तेही माणसात नव्हे, तर सी अर्चिन नावाच्या समुद्रातल्या एका काटेरी प्राण्यात.

आणि त्याच्या आधीचा भाग? स्त्रीच्या शरीरात शिरल्यापासून बीजापर्यंत पोचेपर्यंत शुक्राणूचे काय होते, तो तिथे जगतो कसा आणि कोणाच्या आधाराने जगतो, हे कळायला तर विसावे शतक निम्मे सरावे लागले. आजचे माझे बोलणे या मधल्या प्रवासाविषयी आहे.

मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि कविता लिहिणारा माणूस. मग या विषयाशी माझा संबंध काय? माझा संबंध शब्दांशी आहे, आणि या विषयात शब्दांनी फार नुकसान केलेले आहे. 'वांझ' हा शब्द घ्या. आमच्या घरातल्या दखनीत त्याला 'बांझ' म्हणतात. उच्चार बदलला तरी डंख तोच. हा शब्द बाईला लागतो. पुरुषासाठी आपल्याकडे 'नामर्द' आहे, 'षंढ' आहे. पण ते शब्द त्याच्या ताकदीविषयी बोलतात. जो पुरुष धडधाकट आहे, संसार करतो आहे, पण ज्याच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत, त्याच्यासाठी आपल्या बोलीत शब्दच नाही. 'निपुत्रिक' दोघांनाही लागतो, पण तो दैव सांगतो, दोष सांगत नाही. ज्या गोष्टीला शब्द नसतो ती गोष्ट समाजाला दिसत नाही. मग दोष शब्द असलेल्या माणसाच्या पदरात पडतो.

असे का झाले असावे? कारण एक जुनी उपमा. पुरुष बीज टाकतो आणि स्त्री म्हणजे शेत. ही उपमा कोणा एका धर्माची मालमत्ता नाही. ग्रीकांकडे ती होती, सामी परंपरेत ती आहे, मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांची लांबलचक चर्चा आहे. ॲरिस्टॉटलने तर तिला तत्त्वज्ञानाचा पोशाख चढवला. त्याच्या मते आकार आणि चेतना पुरुषाकडून येते, स्त्रीकडून येतो तो केवळ कच्चा माल. पुढे गेलेनने स्त्रीलाही स्वतःचे बीज असते असे मांडले. हा वाद शतकानुशतके चालला आणि अरबी वैद्यकात इब्न सिनाच्या हातात आला. त्याने दोघांचा मेळ घालायचा प्रयत्न केला. आणि मूल न होण्याची कारणे सांगताना स्त्रीबरोबर पुरुषाचीही बाजू नोंदवली. आपल्याकडे सुश्रुताने गर्भ राहायला चार गोष्टी लागतात असे सांगितले: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. म्हणजे वेळ, जागा, पोषण देणारा रस आणि बीज. चारांतली एक कमी पडली तरी पीक नाही.

मला वाटते, शेताची उपमा ज्यांनी बाईला कमी लेखायला वापरली, त्यांनी शेती केलेली नसावी. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पाऊस पडला म्हणून लगेच कोणी पेरत नाही. तो वाफसा येण्याची वाट बघतो. जमिनीत ओल हवी, पण चिखल नको. ओलीबरोबर हवाही खेळायला हवी. पेरायचे कधी हे जमीन ठरवते, पेरणारा नाही. शास्त्रज्ञांना ही गोष्ट समजायला जवळपास तीनशे वर्षे लागली.

त्या तीनशे वर्षांची सुरुवात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात झाली. तिथे अँटनी व्हान लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. स्वतः भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा त्याला नाद होता. १६७७ मध्ये योहान हाम नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी एका आजारी माणसाच्या वीर्याचा नमुना घेऊन त्याच्याकडे आला आणि यात काहीतरी वळवळते आहे म्हणाला. लेवेनहूकने मग स्वतःचेच वीर्य भिंगाखाली धरले. शेपटी हलवत पोहणारे असंख्य जीव त्याला दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने पत्र लिहिले, त्यात दोन गोष्टी आवर्जून कळवल्या. हा नमुना आपण कोणतेही पाप करून नव्हे, तर पत्नीशी झालेल्या संबंधानंतर घेतला आहे. आणि विषय विद्वानांना किळसवाणा वाटला तर पत्र छापू नये. विषयाची लाज तेव्हापासूनची आहे. पत्र छापले गेले ही विज्ञानावर मेहेरबानी झाली.

गंमत अशी की त्याच डेल्फ्ट गावात रेनिअर द ग्राफ नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याने १६७२ मध्ये स्त्रीच्या अंडाशयांचा अभ्यास छापला आणि स्त्रीलाही बीज असते असे सांगितले. त्याला दिसली ती खरे तर बीजे नव्हती, बीजे ज्यात वाढतात त्या पिशव्या होत्या. पण दिशा बरोबर होती. लेवेनहूकची रॉयल सोसायटीशी ओळख करून दिली ती यानेच. एकाच गावात एकाने बीजाची बाजू पाहिली, दुसऱ्याने शुक्राणूची. आपल्याला वाटेल, आता दोन अधिक दोन चार व्हायला काय हरकत? पण द ग्राफ १६७३ मध्येच वारला, आणि युरोपातले विद्वान दोन तटांत विभागले गेले. एक तट म्हणे, मूल आधीच स्त्रीबीजात तयार असते. दुसरा म्हणे, नाही, ते शुक्राणूत असते. निकोलस हार्टसुकरने १६९४ मध्ये चित्रच काढले: शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस. या दुसऱ्या तटाच्या हिशेबात आई म्हणजे नऊ महिन्यांची भाड्याची खोली.

पुढची दीडशे वर्षे चाचपडण्यात गेली. इटलीचा लाझारो स्पालान्झानी हा धर्मोपदेशक होता आणि अफाट प्रयोग करणारा माणूस होता. त्याने नर बेडकांना चक्क तलम कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या. मादीने घातलेली अंडी मग फळली नाहीत. चड्डीत साठलेला द्रव अंड्यांवर टाकला, तशी ती फळली. १७८० मध्ये त्याने कुत्रीत पिचकारीने वीर्य सोडून पिल्ले जन्माला आणली. एवढे करूनही काम द्रवाचे आहे, त्यात पोहणाऱ्या जंतूंचे नाही, असेच तो मानत राहिला. प्रेव्हो आणि द्युमा या दोघांनी १८२४ मध्ये वीर्य गाळून दाखवले: शुक्राणू गाळून काढले की फळण्याची शक्ती जाते. १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरला कुत्रीच्या अंडाशयात खरे बीज दिसले. आणि मग आला १८७६ चा हर्टविग.

बीज कळले, शुक्राणू कळले. पण ऋतू कळला नव्हता. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर समजत होते की कुत्रीला माजावर असताना रक्त जाते, तसे स्त्रीचे बीजही पाळीच्या सुमारास सुटत असणार. म्हणून मूल नको असेल तर दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित, असा सल्ला दिला जाई. म्हणजे नेमके उलटे. हा सल्ला पाळून किती बाया नको असताना गरोदर राहिल्या असतील, कल्पना करा. जपानच्या क्युसाकु ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियाच्या हर्मान क्नाउस यांनी १९२९ मध्ये हे गणित सरळ केले. बीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटते, हे आज शाळेतल्या मुलीलाही सांगता येते. त्याला अजून सव्वाशे वर्षेसुद्धा झालेली नाहीत.

त्याच काळात आपल्या मुंबईत गणिताचे एक प्राध्यापक या विषयावर मराठीत बोलत होते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यापायी नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. शरीराची माहिती देणे हा गुन्हा ठरतो, तेव्हा अज्ञानाचा दंड कोण भरते? ज्याच्या पोटात मूल वाढायचे असते, तीच.

आता स्त्रीच्या शरीरात शुक्राणू जगतात की नाही, हे प्रत्यक्ष पाहायचा प्रयत्न कोणी केला ते बघू. अमेरिकेतला मॅरिअन सिम्स हा स्त्रीरोगतज्ज्ञ. त्याने १८६६ च्या पुस्तकात संबंधानंतर काही तासांनी गर्भाशयमुखातला चिकट स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची पद्धत सांगितली. त्यात जिवंत शुक्राणू आहेत का, ते हलतात का, हे पाहायचे. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्स हुनर यांनी ती नीट बसवली. आज ही चाचणी सरसकट केली जात नाही. पण तिने एक मोठे काम केले. सगळे काही ठीक दिसणाऱ्या पुरुषाचाही एकही शुक्राणू भिंगाखाली सापडू नये, असे घडू शकते, हे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आले. याच सिम्सने आपले शस्त्रक्रियेचे कौशल्य गुलाम काळ्या स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया करून मिळवले होते, हेही सांगितले पाहिजे. त्यांतल्या तिघींची नावे इतिहासात उरली: अनार्का, ल्यूसी आणि बेट्सी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला.

यानंतरचे कोडे मोठे मजेदार होते. बीज हाताशी होते, शुक्राणू हाताशी होते. दोघांना काचेच्या बशीत एकत्र ठेवले तर फलन व्हायला हवे. होत नव्हते. अनेकांनी प्रयत्न केले, काहींनी यश आले म्हणून सांगितले; पण प्रयोग पुन्हा केला की हाती काही लागत नसे. चूक कुठे होती?

उत्तर १९५१ मध्ये जगाच्या दोन कोपऱ्यांतून, एकमेकांना न विचारता, एकाच वेळी आले. अमेरिकेत काम करणारे चिनी शास्त्रज्ञ मिन च्युए चांग आणि ऑस्ट्रेलियातले कॉलिन ऑस्टिन. चांग यांनी सशांवर प्रयोग केले. ताजे शुक्राणू थेट बीजाजवळ, गर्भनलिकेत नेऊन सोडले तर ते बीजात शिरू शकत नाहीत. पण तेच शुक्राणू काही तास मादीच्या शरीरात राहिलेले असतील, तर शिरू शकतात. याचा अर्थ असा की पुरुषाच्या शरीरातून निघालेला शुक्राणू पोहू शकतो, पण फलन करू शकत नाही. तो अर्धवट असतो. त्याला लायक बनवते स्त्रीचे शरीर. ऑस्टिन यांनी या क्रियेला जे नाव दिले त्याचा अर्थच मुळी 'क्षमता येणे' असा आहे.

आपले शेतकरी पेरणीपूर्वी बियाण्याला बीजप्रक्रिया करतात, हे सर्वांना माहीत आहे. पण ती घरात किंवा खळ्यावर होते. इथे बीजप्रक्रिया करते ते शेतच. दोन हजार वर्षांची उपमा १९५१ मध्ये उलटी झाली, आणि वर्तमानपत्रांनी तिची फारशी दखल घेतली नाही.

आता हा प्रवास आजच्या माहितीनुसार पाहू. एका वेळच्या वीर्यात कोट्यवधी शुक्राणू असतात. एकाची लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. जायचे अंतर पंधरा-अठरा सेंटिमीटर. पहिला मुक्काम योनिमार्ग. तिथले वातावरण आम्ल असते, आणि ते तसे असते म्हणूनच स्त्रीचा रोगजंतूंपासून बचाव होतो. शुक्राणूंना मात्र ते मारक. वीर्य किंचित अल्कधर्मी असल्याने थोडा वेळ आधार मिळतो; तेवढ्यात जे पुढे सटकले ते वाचले. मागे राहिलेले काही तासांत मरतात.

दुसरा मुक्काम गर्भाशयमुख. इथला स्राव महिन्यातले बहुतेक दिवस घट्ट, चिवट असतो. दार बंद केल्यासारखा. पण बीज सुटायचे दिवस जवळ आले की इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे तो पातळ, पारदर्शक होतो, दोन बोटांत धरला तर तार धरतो. हाच वाफसा. या दिवसांत त्या स्रावातून शुक्राणूंना वाट मिळते. ज्यांचा आकार बिघडलेला, ज्यांना नीट पोहता येत नाही, ते इथेच अडतात. बीज सुटून गेले की प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक वाढते आणि दार पुन्हा बंद होते.

तिसरा मुक्काम गर्भाशय. इथे शुक्राणू केवळ आपल्या बळावर चालतात असे नाही. गर्भाशयाच्या स्नायूंच्या बारीक लाटा त्यांना वर ढकलतात. जर्मन डॉक्टरांनी १९९० च्या दशकात शुक्राणूंच्या आकाराचे, स्वतः न हलणारे कण ठेवून पाहिले. तेही वर गेले, आणि त्या महिन्यात ज्या बाजूच्या अंडाशयात बीज पिकत होते, बहुतेक त्याच बाजूच्या नलिकेकडे गेले. म्हणजे प्रवासी पोहत असतोच, पण नदीही वाहत असते. दरम्यान स्त्रीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि परक्या वाटणाऱ्या शुक्राणूंचा फडशा पाडू लागतात. शरीर एकीकडे वाट देते, दुसरीकडे पहारा ठेवते. घरात पाहुणा येतो तेव्हा आपण तरी वेगळे काय करतो?

चौथा मुक्काम गर्भनलिका. पदुआच्या गाब्रिएले फालोपिओ यांनी १५६१ मध्ये तिचे नीट वर्णन केले आणि आकारावरून तिला तुतारी म्हटले. ती कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. इथवर पोचणारे शुक्राणू शेकड्यांत, फार तर हजारांत मोजायचे. नलिकेच्या अरुंद भागात ते थांबतात. अनेक प्राण्यांमध्ये तर ते नलिकेच्या अस्तराला चिकटून राहतात आणि त्या चिकटण्यानेच त्यांचे आयुष्य वाढते. शुक्राणूजवळ शिदोरी फार थोडी असते. दुरुस्तीची हत्यारे तर जवळजवळ नसतातच. त्याला जगवते ती इथली ओल, इथले क्षार, इथला आसरा. वीर्य काचेवर वाळले की शुक्राणू संपले. स्त्रीच्या शरीरात मात्र ते योग्य दिवसांत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. उलट स्त्रीबीजाचे आयुष्य एका दिवसाचे, कित्येकदा त्याहूनही कमी.

याचा पक्का पुरावा अमेरिकेत १९९५ मध्ये छापून आला. ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदी आणि लघवीचे नमुने तपासले. गर्भ राहिला तो महिन्यातल्या सहाच दिवसांत: बीज सुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस. दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो. म्हणजे शुक्राणूंनी आधी येऊन वाट पाहणे हाच नेम आहे. आणि वाट पाहायची तर थांबायला जागा देणारे कोणीतरी लागते.

या थांबण्याच्या काळात चांग आणि ऑस्टिन यांना दिसलेली तयारी होते. शुक्राणूच्या आवरणातले कोलेस्टेरॉल निघून जाते, आवरण सैल होते. शेपटीचे हलणे बदलते. आधी संथ वल्हवणारा आता चाबकासारखे फटकारे मारू लागतो. बीजाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात, त्याने शुक्राणूच्या शेपटीतली कॅल्शिअमची दारे उघडतात. हे २०११ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिले. २०२० मध्ये स्टॉकहोम आणि मँचेस्टरच्या संशोधकांना तर असे दिसले की बीजाभोवतीचा द्रव काही पुरुषांच्या शुक्राणूंना अधिक ओढतो, काहींच्या शुक्राणूंना कमी. आणि ज्याला ओढतो तो तिचा जोडीदारच असेल असे नाही.

शेवटी भेट. शुक्राणूवरचे जे प्रथिन बीजाला बिलगते, ते जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ओळखले आणि त्याला 'इझुमो' नाव दिले. इझुमो हे लग्नगाठी जुळवणाऱ्या देवाचे जपानमधले प्रसिद्ध देवस्थान. बीजावरचे जे प्रथिन त्याचा हात धरते, ते २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये सापडले. त्याचे नाव 'जुनो', रोमन लोकांची विवाहदेवता. शास्त्रज्ञ रुक्ष असतात असे कोण म्हणते? पण मला महत्त्वाचे वाटते ते हे, की या हस्तांदोलनाला दोन हात लागतात. बीज नुसते पडून नसते. एकाला आत घेतले की जुनो बीजाच्या पृष्ठावरून दूर होते, आवरण बदलते आणि बाकीच्यांना दार बंद होते.

तरीही पाठ्यपुस्तके कित्येक वर्षे शर्यतीचीच गोष्ट सांगत राहिली. शूर शुक्राणू, झोपलेली राजकन्या. एमिली मार्टिन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये या भाषेवर नेमके बोट ठेवले. वैद्यकाच्या पुस्तकांत पुरुषाच्या शरीराची वर्णने कौतुकाची आणि स्त्रीच्या शरीराची वर्णने नासाडीची कशी असतात, ते त्यांनी उताऱ्यांनिशी दाखवले. प्रयोगशाळेत पुरावा बदलला तरी वाक्ये जुनीच राहतात, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

चांग-ऑस्टिन यांच्या शोधाचे फळ मात्र मिळाले. शुक्राणूला तयार करणारे वातावरण बशीत उभे करता आले पाहिजे, हे एकदा कळल्यावर चांग यांनी १९५९ मध्ये सशांत आणि रॉबर्ट एडवर्ड्स, बॅरी बॅव्हिस्टर व पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६९ मध्ये मानवी बीजात शरीराबाहेर फलन घडवले. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउन जन्मली. या कामात तिसरा वाटा जीन पर्डी या परिचारिका-तंत्रज्ञ बाईंचा होता. त्या १९८५ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी वारल्या, त्यांचे नाव फार दिवस मागेच राहिले. आपण तिला टेस्ट ट्यूब बेबी म्हणालो. खरी ट्यूब स्त्रीच्या पोटात असते. काचेतली तिची नक्कल.

त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुर्गा नावाची मुलगी जन्मली. त्यांनी गर्भ गोठवून ठेवायची पद्धत वापरली होती. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा मानला नाही. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. 'एक डॉक्टर की मौत' हा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. त्यामागची प्रेरणा हीच. मुंबईत केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली आणि देशातली पहिली म्हणून तिची नोंद झाली. पण आनंदकुमार यांनी कोलकात्याला जाऊन मुखोपाध्याय यांचे कागद वाचले, आणि १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिले की पहिला मान त्यांचा. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणारी माणसे विज्ञानातही थोडीच असतात.

एवढे सगळे सांगून झाल्यावर एक गोष्ट आठवते. मी लहान असताना आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहत होत्या. लग्नाला आठ वर्षे झाली, मूल नाही. दर्ग्यात मन्नत झाली, शेजारणीने सांगितले म्हणून तुळजापूरचा नवसही झाला. मग नवऱ्याने दुसरी केली आणि खाला माहेरी गेल्या. दुसरीलाही मूल झाले नाही. तिलाही बांझ म्हणू लागले. दोन बायका झाल्या, पण त्या माणसाला कोणी एक शब्द बोलले नाही. वाईट होता म्हणावे, तर तसा नव्हता. शब्दच नव्हता.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल न होण्याच्या अडचणीला तोंड द्यावे लागते. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर असते. तरीही आपल्याकडे बाईची सोनोग्राफी होते, नलिकांची तपासणी होते, दुर्बीण घालून झाली तरी नवरा अजून दवाखान्याच्या पायरीवर चढलेला नसतो. वीर्यतपासणीला ना टाका लागतो, ना भूल. एका छोट्या डबीचे काम. लागतो तो थोडासा निगरगट्टपणा, जो बाईला पहिल्याच तपासणीच्या टेबलावर शिकावा लागतो.

सुश्रुताच्या चार गोष्टी पुन्हा मोजा: ऋतू, क्षेत्र, अंबू, बीज. तीन स्त्रीच्या शरीरात घडतात, आणि चौथीत तिचा निम्मा वाटा असतो. पुरुषाच्या बीजाला बीजपण येते तेही तिच्याच घरात. तेव्हा पीक आले नाही, तर फक्त शेताकडे बोट दाखवायची सवय सोडायला हवी. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात अशी वाट पाहणे चालू असेल, तर दोघांनीही बरोबर जाऊन तपासून घ्या, एवढे सांगायचे धाडस आपण करावे. आणि तो जुना शब्द, वांझ म्हणा की बांझ, निदान आपल्या घरापुरता तरी वापरातून काढून टाकावा.